‘आहे’ला ‘हाय’ म्हणू देणाऱ्या अक्कांना

अक्का, तुमच्या कपाटाची किल्ली गेल्या आठवड्यात तुमच्या सुनेनं शाळेत आणून दिली. “शाळेचं कपाट हाय मॅडम, किल्ली आमच्या घरी ठिवून काय करायचं,” म्हणाली आणि चहासुद्धा न घेता निघून गेली. तुम्हाला जाऊन अजून पंधरा दिवस झाले नाहीत. मी दोन दिवस ती किल्ली पर्समध्ये घेऊन नुसती फिरले. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कपाट उघडलं. वरच्या खणात खडूचे तुकडे, तुमची शाल, एका डबीत लवंगा. खालच्या खणात तुमची शब्दांची कार्डं. साडीच्या घडीत दुकानदार घालून देतो तो पुठ्ठा कापून, त्यावर जाड मार्करनं लिहिलेली. कोपरे मळलेले, दोन-तीन कार्डांवर तेलाची बोटं. मुलांच्या हातात द्यायची वस्तू मुलांच्या हातानं खराब होणारच, असं तुमचं म्हणणं होतं. मी माझी कार्डं पिशवीत घालून वर रबर लावून ठेवायची, ती अजून कोरी आहेत.

आपली शाळा दोन शिक्षकांची. नायगावपासून आत, जिथं एसटी दिवसातून दोनदा येते आणि दोन्ही वेळा शाळेच्या कामाची नसते. पहिली-दुसरी तुमच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, अशी नऊ वर्षं. गाव तुम्हाला कौसल्याबाई म्हणायचं. मी लातूरची, घरात मोठ्या बहिणीला अक्का म्हणायची सवय. रुजू झाले त्या आठवड्यात मस्टरवर सही करताना माझ्या तोंडून चुकून “अक्का, पेन द्या” निघालं आणि मी जीभ चावली. तुम्ही म्हणालात, “माझ्या सख्ख्या बहिणी मला नावानं हाका मारतेत. तुमी म्हना आक्का, चांगलं वाटायलंय.” तुम्ही मला शेवटपर्यंत मॅडमच म्हणालात. वयानं वीस वर्षांनी मोठ्या होतात, तरी कधी अगंतुगं केलं नाही.

नायगावहून माझ्या स्कूटीवर आपण दोघी यायचो. मध्ये कार्डांची पिशवी, मागे तुम्ही, एका हातानं माझा खांदा धरलेला. आपली सगळी भांडणं त्या रस्त्यावर झाली. समोरासमोर कुणाचं तोंड दिसत नसलं की माणूस मोकळं बोलतं, म्हणून असेल. खड्डा आला की तुम्ही वाक्य अर्धं सोडायचात आणि खड्डा गेला की तिथूनच पुढं सुरू करायचात.

कार्डं आधी मीच आणली होती, हे तुम्ही तरी मान्य कराल. प्रशिक्षणात सांगितलं होतं की पुन्हा पुन्हा येणारे शब्द मुलांना नजरेनं ओळखता आले पाहिजेत, अक्षर-अक्षर जोडत बसायला लागू नये. मी नांदेडहून छापील संच आणला, प्लास्टिक लावलेला, चित्रांसकट. तुम्ही एकेक कार्ड उलटंपालटं केलं आणि म्हणालात, “घराला चित्र हाय, बैलाला हाय, पान्याला हाय. ‘आणि’चं चित्र कुठंय?” मी म्हटलं, ‘आणि’चं चित्र कसं असेल? “मंग लेकरू अडकतंय कुठं? घराला अडकत न्हाई मॅडम. ‘आणि’ला अडकतंय, ‘पण’ला अडकतंय, ‘म्हणून’ला तर पार बेजार होतंय.” दुसऱ्या दिवशी तुम्ही घरातले सगळे साडीचे पुठ्ठे घेऊन आलात. चित्र नसलेले शब्द तेवढे तुम्ही लिहिलेत. मी, तू, हा, ही, आहे, नाही, आणि, पण, मग, काय, कुठे, इथे, तिथे.

तुमची शिकवायची पद्धत बघून मी सुरुवातीला हसायची. ‘पण’चं कार्ड तुम्ही पदराखाली लपवायचात. “काल मी शाळेला येनार होते…” असं म्हणून गप्प बसायचात. मुलं वाट बघायची. मग कार्ड बाहेर काढलं की सगळी एका दमात “पण!” म्हणून ओरडायची आणि पुढं काय झालं ते आपापलं सांगायची. कुणी म्हणे, पण बाईंची म्हैस व्याली, कुणी म्हणे, पण बाई पाय घसरून पडल्या. ‘नाही’चं कार्ड तर शिकवावंच लागलं नाही. पहिल्या दिवशी दाखवलं आणि निम्मा वर्ग ओळखून मोकळा. तुम्ही म्हणालात, “दिवसभर ह्योच शब्द कानावर पडतोय त्यांच्या.” मी माझा संच दाखवायला लागले की तुम्ही दारातून डोकवायच्या आणि विचारायच्या, “मॅडम, कार्डं दाखवून ऱ्हायलात का पत्ते पिसून ऱ्हायलात?” मला राग यायचा. मग घरी जाऊन मी आरशासमोर कार्डं हळू धरायचा सराव करायची. हे तुम्हाला कधी कळलं नाही.

खरी तक्रार ‘आहे’पासून सुरू झाली. तुम्ही ‘आहे’चं कार्ड वर धरायचात आणि पोरं एका सुरात म्हणायची, “हाय!” तुम्ही मान डोलवून पुढचं कार्ड काढायचात. ‘नाही’, “न्हाई!” ‘आणि’, “आन्!” मी पलीकडच्या वर्गात चौथीचा शुद्धलेखनाचा तास घेत असायची आणि माझ्या अंगावर काटा यायचा. एकदा स्कूटीवर मी विषय काढला. “अक्का, लिहिलंय ‘आहे’ आणि मुलं वाचतात ‘हाय’. तुम्ही चूक दुरुस्त का करत नाही?”

“चूक काहून?” तुम्ही म्हणालात. “आ-हे, आ-हे असं जोडत बसलं असतं तर ‘आहे’च म्हणलं असतं ते. ‘हाय’ म्हणतंय म्हंजे अख्खा शब्द वळखलाय त्यानं. अर्थासकट वळखलाय. अजून काय पायजे तुमाला?”

“उद्या ‘आहेर’ लिहिलं तर ‘हायर’ वाचतील तुमची पोरं.”

तुम्ही एवढ्या हसलात की मला स्कूटी बाजूला घ्यावी लागली. पदरानं डोळे पुसत म्हणालात, “वाचू द्या की. लग्नात गेल्यावर कळंल त्यास्नी.”

मी हरले होते पण हार मानली नाही. सवय लागते, म्हटलं. पुढं बाहेर गेल्यावर लोक हसतात. तुम्ही म्हणालात, “चौथीपर्यंत शिकतेत की ‘आहे’ म्हनायला. आधी वाचू तर द्या.” मी म्हटलं, तोपर्यंत उशीर झालेला असतो. या दोन वाक्यांच्या पलीकडे आपण नऊ वर्षांत गेलो नाही. तुमचं तुमच्यापाशी आणि माझं माझ्यापाशी राहिलं.

एक गोष्ट मी तुम्हाला सांगायला हवी होती, ती आता सांगते. डी.एड.ला मी पुण्याकडे होते. पहिला सराव पाठ होता, तिसरीचा वर्ग. मी फार तयारी केली होती. पाठाच्या ओघात मी मुलांना म्हटलं, “हे झाड लई मोठं हाय.” मुलं हसली, मागं बसलेल्या माझ्या वर्गातल्या मुली हसल्या, आणि पाठ तपासणाऱ्या बाईंनी वहीत लाल शाईनं लिहिलं, भाषा अशुद्ध. त्या दिवसापासून वसतिगृहात माझं नाव ‘लई मॅडम’ पडलं. दोन वर्षं मी तोंड उघडायच्या आधी प्रत्येक वाक्य मनात एकदा म्हणून बघायची. सुट्टीत लातूरला आले की आईशीसुद्धा तसंच बोलायला लागले. आई म्हणाली, “परक्या घरी गेल्यावानी काय बोलायलीस?” तेव्हा मला वाटलं, आपण सुधारलो. अक्का, तुम्ही ‘हाय’ला मान डोलवायच्या तेव्हा मला तुमचा राग येत नव्हता, त्या मुलांची भीती वाटत होती. हे एवढं सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता, ते मी आता रोज मनात रचते आणि रोज वेगळं येतं.

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळीनंतर वाचन तपासणी लागली. तुमच्या पोटात दुखायचं ते तेव्हाच सुरू झालं होतं आणि नेमक्या त्या दिवशी तुम्ही तपासण्या करायला नांदेडला गेला होतात. पहिलीची मुलं मला घ्यावी लागली. तालुक्याहून एक साहेब आले होते. एका खुर्चीवर शांत बसले होते, त्यांनी कुणाला काही म्हटलं नाही. जे केलं ते मीच केलं. तक्त्यावर तीन रकाने होते, अक्षर, शब्द, वाक्य. तुमची वैष्णवी आली. दोन शेंड्या, एका शेंडीची रिबीन सुटलेली, सगळ्यात चुणचुणीत. मी वाक्य दाखवलं, घरात पाणी आहे. ती खणखणीत म्हणाली, “घरात पानी हाय.”

मी म्हटलं, “नीट बघ. शेवटी काय लिहिलंय?”

तिनं वाकून बघितलं. “हाय.”

मी परत विचारलं. तिला वाटलं ऐकू आलं नसेल, म्हणून तिनं अजून मोठ्यांदा सांगितलं, “हाय!”

आणि मी म्हटलं, “जे लिहिलंय ते वाच. तुझ्या घरचं नको सांगू.”

चौथीची मुलं हसली. साहेबांसमोर आपली मुलं हसली याचं मला त्या क्षणी बरं वाटलं, म्हणजे फरक कळतो त्यांना, असं. वैष्णवी कार्डाकडे बघत उभी राहिली. मी दोनदा “वाच” म्हटलं, ती वाचेना. मग मी तिच्या नावापुढं ‘अक्षर’च्या रकान्यात खूण केली. अख्खं वाक्य वाचलेल्या मुलीला शब्दसुद्धा वाचता येत नाही, असं माझ्या सुंदर अक्षरात लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. मुलांनी तुम्हाला सगळं सांगून टाकलं होतं. तुम्ही चष्मा लावून तक्ता बघितला, चष्मा काढून ठेवला. तुमचा आवाज चढेल असं मला वाटलं होतं, तो उलट खाली गेला. “तुझ्या घरचं नको, म्हनलात का?” मी तक्त्याची घडी घालायला लागले. “घरचंच घेऊन येतंय लेकरू साळंत. दुसरं काय हाय मॅडम त्याच्यापाशी?” एवढंच. मग तीन दिवस तुम्ही काळीपिवळी जीपनं आलात. मी रिकाम्या स्कूटीवर पुढं निघून यायची आणि फाटकाशी तुमची वाट बघायची. चौथ्या दिवशी तुम्ही येऊन मागे बसलात, खांद्याला हात लावलात. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तुम्ही म्हणालात, “खड्डा बगा समोर.”

वैष्णवी मात्र वाचेना. खेळायला, भांडायला, पाढे म्हणायला सगळ्यात पुढं. कार्ड दाखवलं की गप्प. तुम्हीच मला दाखवून दिलंत, “ती आता कार्ड बगत न्हाई. तुमचं तोंड बगती. काय म्हनलं म्हंजे मॅडम रागवनार न्हाईत, ते हुडकायली.” तुम्ही तिच्यासोबत बसून रोज कार्डं घ्यायच्या. ‘पण’ पदराखाली लपवायच्या. ती हसायची, ओठ हलवायची, आवाज काढायची नाही. संक्रांतीपर्यंत तुम्ही हे केलंत. मग तुम्हालाच बसवेनासं झालं आणि तुम्ही रजा टाकली.

नांदेडच्या दवाखान्यात मी पाच-सहा रविवारी आले. आपण काय बोललो? छत गळतं ते, खिचडीचा तांदूळ संपत आला ते, माझी मुलगी आता सायकल चालवते ते. माझी मुलगी तुमच्या ओसरीत रांगायला शिकली, मी बाळंतपणाच्या रजेवर असताना तुम्ही चारही वर्ग एकटीनं सांभाळलेत, याबद्दल कधी तुमचे आभार मानले नव्हते. तेही मानले नाहीत. दवाखान्यात आभार मानले की माणसाला कळतं, म्हणून मी टाळत राहिले. तुम्ही सुकत चालला होतात. हातात सुई, तरी उशीशी चिठ्ठ्या ठेवलेल्या, शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या नातीला शब्द दाखवायला.

शेवटच्या रविवारी तुम्ही विचारलंत, “वैष्णवी वाचती का?”

ती वाचत नव्हती. दुसरीत गेली होती, माझ्याच वर्गात बसत होती, कारण आता चारही वर्ग माझ्याकडे होते. सहा महिन्यांत तिनं माझ्यासमोर एक शब्द वाचला नव्हता. मी म्हटलं, “वाचते की अक्का. धडाधड वाचते.”

“‘हाय’ म्हनती का ‘आहे’?”

तुम्हाला बरं वाटावं म्हणून ‘हाय’ म्हणते असं सांगायला काय झालं होतं मला? पण मी म्हटलं, “आहे म्हणते. स्पष्ट.” का म्हटलं, कुणास ठाऊक. खोटं बोलतानासुद्धा मला शुद्ध बोलायचं होतं बहुतेक.

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालात, “चला. मंग तुमचंच बरोबर होतं म्हनायचं, मॅडम.”

आणि मी ते घेतलं, अक्का. नऊ वर्षांच्या भांडणात तुम्ही पहिल्यांदा हार मानलीत, तीही माझ्या खोट्यावर, आणि मी खाली मान घालून तुमच्या पायावरची चादर नीट करत बसले. पुढच्या रविवारी सांगून टाकू, असं गाडीत बसल्यावर ठरवलं. गुरुवारी सकाळी तुमच्या मुलाचा फोन आला.

शुक्रवारी तुमच्या घरून येऊन मी बसून राहिले. शनिवारी सकाळची शाळा होती. मुलांना निम्मं-अर्धं माहीत होतं. मला तोंडानं सांगवेना, म्हणून मी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, आपल्या कौसल्याबाई आता आपल्यात नाहीत. लिहून झाल्यावर मुलांकडे वळायची हिंमत होईना. पाठमोरीच म्हटलं, “वाचा.”

चौथीच्या दोघीतिघींनी सुरुवात केली आणि ‘कौसल्याबाई’पाशी थांबल्या. कुणीतरी नाक ओढलं. आणि मागून एक आवाज आला, कुठंही न अडखळता, एका दमात.

“आपल्या कौसल्याबाई आता आपल्यात न्हाईत.”

मी वळले. वैष्णवी उभी होती. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. फळ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. चौथीतली एक जण हळूच म्हणाली, “मॅडम, ‘नाहीत’ लिहिलंय.” मी म्हटलं, “तिनं बरोबर वाचलंय.” माझ्या आवाजाला ती चौथीतली मुलगी घाबरली असावी, कारण मी ते जवळजवळ ओरडूनच म्हटलं.

बरोबर वाचलं तिनं, अक्का. अर्थासकट वाचलं. त्या वर्गात ते वाक्य तेवढं खरं दुसऱ्या कुणालाच वाचता आलं नसतं, मलाही नाही. तुम्ही हरला नव्हतात. दवाखान्यात मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं आणि ती गप्प होती, माझ्यामुळे गप्प होती. आता ती वाचते. हे कळायला तुम्ही दोन दिवस थांबायला हवं होतं, आणि तुम्ही थांबला असतात तर ते वाक्य फळ्यावर आलंच नसतं. यावर काय करायचं ते मला सुचत नाही. रस्त्यात कुठंतरी स्कूटी थांबवते आणि रडून घेते, मग पुढं जाते.

मुलांना शेवटी ‘आहे’ कधी शिकवायचं, हा आपला वाद मी अजून सोडलेला नाही. शिकवावं लागेलच. जग हसतं, ते मी बघून आले आहे. पण आता मी आधी वाचू देते.

त्या शनिवारी शाळा लवकर सोडली. मुलं गेली. मी हजेरीपटावर सह्या करत होते. डोकं वर केलं तर वैष्णवी एकटीच मागं राहिलेली, डस्टर हातात घेऊन फळ्यापाशी उभी. शनिवारी फळा पुसून जायची पाळी तिची होती.

“मॅडम, पुसू का?”

वाक्य मनात एकदा म्हणून बघायला मला वेळच मिळाला नाही.

“न्हाई गं,” मी म्हटलं. “ऱ्हाऊ दे.”